मदत हवी आहे: वजन ११८ किलो, राहणार सोलापूर. फुल सस्पेन्शन सायकल घ्यावी का, आणि घेतली तर काय बघून?

नमस्कार मंडळी,

माझं वजन ११८ किलो, उंची पाच फूट अकरा, वय ४३. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बेअरिंग, बुश, स्प्रिंग हे रोजच हातात असतं, पण सायकलच्या शॉकचं गणित काही केल्या जमत नाहीये.

रविवारी पहाटे साडेपाचला निघतो. कधी हिप्परगा तलावाच्या बाजूनं, कधी नान्नजच्या दिशेला बाहेरच्या गाडीवाटांनी, आणि महिन्यातून एकदा तुळजापूरचा घाट. वाट सगळी मुरूम, खडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. काळ्या रानातली चाकोरी पावसाळ्यानंतर वाळली की दगडासारखी होते, हे इथल्यांना सांगायला नको. कंबरेचा जुना त्रास आहे. डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, पण दणके टाळा. म्हणून मागेही शॉक हवा, हा विचार.

दीड वर्षापूर्वी सतरा हजारांची 'ड्युअल सस्पेन्शन' घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही. तिचं काय झालं ते सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल.

मागचा शॉक मी नुसता बसलो तरी खाली जातो आणि खड्ड्यात ठक्कन आपटतो. स्प्रिंगवर ७५० हा आकडा छापलेला आहे. शॉक काढून मोजला: तो एकूण ३० मिमी दबतो आणि तेवढ्यात मागचं चाक ९० मिमी वर येतं. आठव्या महिन्यात मागचा भाग हातानं हलवला तरी टकटक वाजायला लागला. पिव्होटची, म्हणजे मागचा भाग ज्या सांध्यावर फिरतो त्याची पिन ठोकून बाहेर काढली तर बुश प्लास्टिकचं, आणि त्याचं गोल भोक अंड्यासारखं लांबट झालेलं. आत ग्रीस आणि मुरुमाची धूळ मिळून काळं उटणं झालं होतं, ते चिमटीत घेतलं तर वाळूसारखं कचकच लागत होतं. त्याच्यानं खाल्लं बुश. नवीन ब्राँझचं टर्न करून बसवलं, ते अजून टिकलंय.

मागच्या चाकाच्या तारा पाच वेळा तुटल्या. पाचही चेनच्या बाजूच्या, पाचही हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकावरच. अ‍ॅक्सल दोनदा वाकला.

तर प्रश्न असे. माझ्या वजनाला हवेचा शॉक चालतो की स्प्रिंगचाच घ्यावा? ७५० ची स्प्रिंग असून ती का बसते? चाक, हब, ब्रेक यांत काय बघायचं? बजेट दीड लाख, जुनी चांगली मिळाली तरी घेईन. 'आधी वजन कमी करा' हा सल्ला डॉक्टरांकडून मिळालाय आणि त्यासाठीच ही सायकल हवी आहे.

प्रतिसाद १

दादा, मीही सोलापूरचाच, विजापूर रोडला राहतो. वजन ९६. माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्याकडे डोंगर नाही, माळ आहे. दीड लाखात फुल सस्पेन्शन घेतली तर बऱ्यापैकी शॉक मिळेल पण चाकं आणि ब्रेक हलके येतील. त्याच पैशांत उत्तम हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली सायकल येते. २.६ इंची टायर ट्यूबलेस करून कमी हवेवर चालवले तर बारीक खडीचा त्रास निम्म्यावर येतो. कंबरेसाठी चाकोरी आली की पेडलवर उभं राहायची सवय लावा, गुडघेच शॉकचं काम करतात.

आणि ट्यूबलेस तर कराच. वेड्या बाभळीचे काटे असलेल्या वाटेवर ट्यूब वापरून मी एका सकाळी तीन पंक्चर काढलेत. फक्त उन्हाळ्यात आतलं सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) लवकर वाळतं, मार्च ते जून दर दीड महिन्यानं बघत जा.

प्रतिसाद २ (पुणे)

हार्डटेलचा मुद्दा बरोबर आहे, पण कंबरेचा त्रास असलेला माणूस दोन-तीन तास उभा राहून चालवू शकत नाही. आणि सीटवर बसलं की दणका लागतोच. मी फुल सस्पेन्शनच्या बाजूनं. आता ७५० चं कोडं सोडवू.

७५० म्हणजे पाउंड प्रति इंच, स्प्रिंग एक इंच दाबायला लागणारा भार. चाक ९० आणि शॉक ३०, म्हणजे लिव्हरेज ३. तुमच्या वजनातलं साधारण ६५ टक्के मागच्या चाकावर येतं, म्हणजे ७७ किलो. त्याची तिप्पट शॉकवर, २३० किलो, म्हणजे पाचशे पाउंडांच्या वर. ७५० च्या स्प्रिंगला एवढ्यानं १७ मिमी दाब बसतो. तुमचा शॉक जेमतेम ३० मिमीचा! बसल्याबसल्या निम्म्याहून जास्त संपला, उरलेला पहिल्या खड्ड्यात. बसल्यावर शॉक दबतो त्याला सॅग म्हणतात, मागे तो २५ ते ३० टक्के असावा.

तेव्हा सायकल बघताना 'किती मिमी ट्रॅव्हल', म्हणजे चाक किती वर येतं, एवढंच विचारू नका, शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो स्वतः किती दबतो, तेही विचारा. १३० ट्रॅव्हलला ५० स्ट्रोक असेल तर लिव्हरेज २.६, आणि ३० टक्के सॅगला तुम्हाला ७५० च्या जवळची स्प्रिंग लागेल. १५० ला ६५ असेल तर २.३, तिथे ५०० च्या आसपासची पुरते. माणूस तोच, फरक फक्त जोडणीचा. सहज मिळणाऱ्या चांगल्या स्प्रिंगा सहसा सहाशेच्या आसपास थांबतात, म्हणून तुमच्यासाठी हवेचा शॉक सोयीचा. शॉकपंपानं हवा वाढवायची, शॉकच्या दांड्यावरची रबरी ओ-रिंग सरकवून सॅग मोजायचा. बहुतेक शॉकना कमाल दाब ३०० ते ३५० पीएसआयच्या दरम्यान असतो. तुमचा सॅग त्याच्या बराच खाली जमला पाहिजे. ३२० वर जमत असेल तर ती सायकल तुमची नाही. शेवटी आपटत असेल तर हवेच्या डब्यात व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) टाकतात.

दुसरी गोष्ट, तुमच्या जुन्या शॉकमध्ये तेलाचं डॅम्पिंगच, म्हणजे उसळी आवरणारी सोयच नसणार. नुसती स्प्रिंग दणका घेते आणि तेवढ्याच जोरानं परत कंबरेत मारते. नवीन शॉकला रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत उघडावा ते ठरवणारी कळ असेलच. हवा जास्त भरली की रिबाउंडही सावकाश करावा लागतो, हे वजनदार चालक हमखास विसरतात.

फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉक, ३४ किंवा ३५ मिमी नळ्यांचा घ्या. ३२ मिमीचा फोर्क ब्रेक लावल्यावर पिळतो. ब्रेक हायड्रॉलिक, पुढे २०३ मिमीची डिस्क, मागे किमान १८०. जमलं तर चार पिस्टनचे. तुळजापूरचा घाट उतरताना कळेल का ते.

प्रतिसाद ३

अ‍ॅक्सलबद्दल थोडं. स्वस्त हबला दाते बाहेरून आट्यांवर बसतात, त्यामुळे चेनच्या बाजूचं बेअरिंग आत राहतं आणि अ‍ॅक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय उघडा पडतो. वाकणारच. दात्यांचा संच (कॅसेट) ज्यावर सरकवून बसवतात त्या फ्रीहबला बेअरिंग पार टोकाला असतं. त्यात १२ मिमीचा जाड, आरपार जाणारा थ्रू अ‍ॅक्सल असला की हा विषय संपला. तारा तुटतात त्या बहुतेकदा ताण कमी-जास्त असल्यानं. दर फेऱ्याला वाक थोडा उघडतो-मिटतो आणि शेवटी थकून तुटतो. ३२ तारांचं चाक घ्या, महिन्याभरानं ओळखीच्या कारागिराकडून ताण सारखा करून आऊट काढून घ्या. पिव्होटला चांगल्या सायकलींत सील्ड बेअरिंग असतात, ६९०२ सारख्या नंबरांची. तुम्हाला तर ती कारखान्यातूनच ओळखीची असतील.

धागाकर्ता

मनापासून आभार. १७ मिमीचं गणित मी घरी ताडून बघितलं. भिंतीला टेकून बसलो आणि मुलाला शॉकवर पट्टी धरायला लावली. १८ भरले. दीड वर्ष मी स्प्रिंगला दोष देत होतो, दोष जोडणीचा होता.

पुण्यात एक वापरलेली बघून ठेवली आहे. ट्रेक फ्युएल ईएक्स, हवेचा शॉक, थ्रू अ‍ॅक्सल, ३२ तारा. मालकाशी फोनवर बोलणं झालंय, शनिवारी जाणार आहे. जाताना काय तपासू?

प्रतिसाद २ (पुणे)

शॉकची हवेच्या डब्याची सर्व्हिस साधारण ५० तासांनी करतात, शेवटची कधी झाली ते विचारा. सीट धरून मागचा भाग उचला, टकटक आली तर पिव्होट गेलेत. वेल्डजवळ आणि पिव्होटच्या कडेला रंगात केसासारखी रेघ दिसली तर पैसे देऊ नका.

पण त्याआधी एक काम करा. बूट, हेल्मेट, पाण्याची बॅग, सगळं घालून काट्यावर उभे राहा. ट्रेकच्या बऱ्याच माउंटन बाइकना १३६ किलोची मर्यादा आहे आणि ती चालक, सामान व सायकल धरून आहे.

धागाकर्ता

दुपारी गोडाऊनच्या काट्यावर उभा राहिलो. तीन लिटर पाणी, हत्यारं, बूट धरून १२४.५ भरलं. सायकल १५ ची धरली तर १३९.५. मर्यादेच्या साडेतीन किलो वर.

हे आधी कळलं ते बरं झालं. मालकाला फोन करून शनिवार रद्द केला, खरं कारण सांगितलं. प्रतिसाद ३ मधल्या दादांचं ऐकून सध्या जुन्या सायकलला ३२ तारांचं फ्रीहबचं चाक बसवतो, बॅगेतली हत्यारं अर्ध्यावर आणतो आणि नान्नजचा रस्ता डांबरावरूनच करतो. तोवर शोध चालू. कुणाकडे अशी फुल सस्पेन्शन असेल की जिच्या मॅन्युअलमध्ये एकूण वजनाची मर्यादा १४५ किंवा त्याहून जास्त छापलेली आहे, तर कृपया मॉडेलचं नाव आणि त्या पानाचा फोटो इथे टाका. मर्यादा सायकल धरून आहे की सोडून, तेही लिहा.