योगवर्गाचा पंथ झाला का? आपापला अनुभव लिहा

अंबाजोगाई, निवृत्त शिक्षक:
आमच्या गल्लीतला पहाटेचा वर्ग सतरंजी आणि श्वास एवढ्यावर सुरू झाला. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर. मग भिंतीवर गुरुजींचा फोटो आला. फोटोला हार, गुरुवारी प्रसाद, यंदा पादुका. मुकुंदराजांच्या गावात गुरू ही काही नवी गोष्ट नाही. तरी विचारतो, साधनेचा धर्म नेमका कधी होतो? ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

लातूर, गृहिणी:
आमच्या घरात झाला. आधी ध्यान, मग केंद्रात सांगितलं, साधकाला कुळाचार लागत नाही. सासूबाई तुळजाभवानीच्या आराधी. त्यांची परडी देवघरातून माळ्यावर गेली. ठेवली मीच, खोटं कशाला बोलू? सासरे वारले तेव्हा केंद्रातून निरोप आला, 'आपल्यात सूतक नसतं.' यांनी तेरावं केलं नाही. दीर म्हणाले, "मग तुम्ही आमच्यातले नाहीत." तीन वर्षं झाली, भावकीतल्या लग्नाची पत्रिका येत नाही. ध्यानाला माझी हरकत नव्हती, अजून नाही. पण जन्म, लग्न, मयत, सगळं तेच ठरवायले. याला दुसरं काय म्हणायचं?

परभणी, शाळाशिक्षक:
मी मुसलमान. २०१५ पासून दर २१ जूनला पोरांपुढं उभा असतो. वज्रासन मला कुणी शिकवावं लागलं नाही, नमाजात तसंच बसतो. प्रार्थनेला गप्प राहतो. मुख्याध्यापकांनी आजवर विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बीड:
आमच्याकडं फोटो नव्हता, प्रसाद नव्हता. सरांची बदली झाली, पंधरा दिवसांत वर्ग बंद.

छत्रपती संभाजीनगर, बँक कर्मचारी:
दहा दिवसांच्या विपश्यनेला बसलो. शेजारच्या खोलीत जालन्याचे एक व्यापारी. मौन सुटल्यावर कळलं, ते बीपीसाठी आलेले, घरी रोज बालाजीची पूजा. मी बौद्ध, माझ्यासाठी तो धम्मच होता. आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं लक्ष देणं, दोघांचं सारखंच.

नांदेड, वकील:
अमेरिकेत हे कोर्टात गेलेलं आहे. न्यू जर्सीच्या सरकारी शाळांत भावातीत ध्यानाचा, म्हणजे मनात मंत्र घोळवत करायच्या ध्यानाचा, अभ्यासक्रम होता. मंत्र घेताना मुलानं फळं, फुलं आणि रुमाल आणायचा. गुरूंच्या फोटोपुढं पूजा व्हायची. १९७९ मध्ये अपील कोर्टानं तो अभ्यासक्रम धार्मिक ठरवला. उलट कॅलिफोर्नियातल्या काही सरकारी शाळांतली योगासनं २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं धार्मिक मानली नाहीत. तिथं प्रश्न सरकारी शाळेत धर्म शिकवण्याचा होता, लातूरच्या ताईंसारखा भावकीचा नव्हे. पण अंबाजोगाईचे सर, फोटो आणि फळं वाचून तुमचीच आठवण झाली.

अंबाजोगाई, निवृत्त शिक्षक:
रुमाल तेवढा राहिलाय आमचा! या गुरुवारी प्रसाद न घेता निघालो, तर मागून आवाज आला, "सर, आपल्यातलेच ना तुम्ही?" उत्तर दिलं नाही. गुडघे या वर्गानंच बरे केलेत. उद्या पहाटे पुन्हा जाणार.