दिवस संपतच नाही – एका एकराच्या पसाऱ्यात वेळ नक्की जातो कुठे?

वाफा_नंबर_तेरा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहायला बसले कारण परवा नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि तेही खुराड्याच्या दारावरून.

आधी पसारा सांगते. जागा एक एकराला थोडी कमी. कोंबड्या २२ होत्या (आता १६, सांगते पुढे), बदकं ४, शेळ्या ५, त्यातल्या दोन दुभत्या आणि त्यांची तीन करडं दीड महिन्याची. सशांची एक जोडी, जी कोणीतरी "घ्या हो, काही काम नसतं यांचं" म्हणून गळ्यात मारली. भाजीचे १४ वाफे, प्रत्येक चार फूट बाय सोळा फूट. फळझाडं तीसेक, त्यातली निम्मी अजून गुडघ्याएवढी. नवरा नोकरीवर जातो, मी घरून अर्धा दिवस ऑफिसचं काम करते.

आता दिवस. सव्वापाचला उठायचं, करडं बांधलेली असतात ती सोडायच्या आत धार काढायची, मग करडांना पाजायला सोडायचं, मग ती परत ओढून बांधायची (तिसरं करडू हातात येतच नाही, रोज त्याच्यामागे पळते मी), गोठा झाडायचा, लेंड्या घमेल्यात भरून मागच्या कुंपणापाशी उकिरड्यावर टाकायच्या, कोंबड्या सोडायच्या, बदकांचं पाणी बदलायचं जे त्यांनी रात्रीतच चिखल करून ठेवलेलं असतं, सशांचा पिंजरा, मग वैरण कापून आणायची, मग वाफ्यांना पाणी. पाइप निम्म्या वाफ्यांपर्यंतच पोचतो, उरलेले सात बादलीने. नऊला लॅपटॉप उघडते तेव्हा हाताला शेळीचा वास असतो. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने.

आणि परवा रात्री खुराड्याचं दार उघडं राहिलं. सकाळी गेले तर सहा कोंबड्या मेलेल्या, खाल्लेली एकच, बाकीच्या नुसत्या मान तोडून टाकलेल्या. मुंगूस होतं की रानमांजर माहीत नाही. मी म्हणतेय दार तू लावणार होतास, तो म्हणतोय तू म्हणालीस मी लावते. दोघंही खरं बोलतोय बहुतेक, कारण दोघंही इतके दमलेलो असतो की काय बोललो ते आठवत नाही.

प्रश्न असा की तुम्ही लोक हे कसं करता? माझंच काही चुकतंय की हे असंच असतं? आणि दोन दिवस बाहेर कसे जाता? दीड वर्षात आम्ही एक रात्र घराबाहेर राहिलेलो नाही.

हिशेबी_माणूस

ताई, पहिलं म्हणजे कोंबड्यांचं वाईट वाटलं. आमच्याकडेही झालंय, ते सकाळचं दृश्य लवकर डोळ्यांसमोरून जात नाही.

आता उत्तर. "काम फार आहे" याला काही अर्थ नाही, किती मिनिटं कशात जातात ते लिहा. मी गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहीत होतो, आत शिरताना घड्याळ बघायचं, बाहेर पडताना बघायचं, आठवडाभर. मला वाटायचं जनावरं वेळ खातात. निघालं काय, तर जनावरांना हात लावण्यात जेमतेम पाऊण तास आणि नुसतं चालण्यात अन् वाहण्यात दोन तास.

तुमचंच गणित करून दाखवतो. चार बाय सोळा म्हणजे एका वाफ्याला साधारण ६ चौरस मीटर. सात वाफे म्हणजे ४२. कडक उन्हात भाजीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर, हे एकदा डोक्यात बसलं की सगळे हिशेब सोपे होतात. ४२ गुणिले ५ म्हणजे २१० लिटर. १२ लिटरची बादली धरली तर साडेसतरा बादल्या, दोन हातांत दोन म्हणजे नऊ खेपा. नळ वाफ्यांपासून ४० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० मीटर, नऊ खेपांचे ७२० मीटर, म्हणजे रोज जवळजवळ पाऊण किलोमीटर आणि त्यातलं अर्धं हातात २४ किलो घेऊन. हे काम नाही हो, ही शिक्षा आहे. आणि कमी पाण्यात भागवत असाल तर ती भाजीला शिक्षा.

जनावरांचं पिण्याचं पाणी त्यामानाने काहीच नाही. कोंबडीला दिवसाला पाव लिटर, उन्हाळ्यात दुप्पट धरा. दुभत्या शेळीला सहा-आठ लिटर, ओला चारा असेल तर त्याहून कमी.

तेव्हा सगळ्यात आधी पाणी. जागेच्या उंच कोपऱ्यात टाकी ठेवा, वाफ्यांना साधं ड्रिप (ठिबक) टाका. एक मात्र बघा, टाकी दोन मीटर उंच स्टँडवर असली तरी प्रेशर येतं फक्त ०.२ बार (दहा मीटरला एक बार असा हिशेब), त्यामुळे प्रेशर-कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखंच सोडणारे) घेऊ नका, ते इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. साधे घ्या, लाइन छोट्या ठेवा, सुरुवातीला फिल्टर लावा नाहीतर पंधरा दिवसांत निम्मे ड्रिपर बुजतील आणि तुम्ही सुई घेऊन बसाल. मी बसलोय. वर वाफ्यांवर तीन-चार बोटं जाड पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, खुरपणीही कमी होते. गोठ्यात पाण्याच्या टबाला फ्लोट व्हॉल्व्ह लावा, टॉयलेटच्या टाकीत असतो तसाच.

गोठ्याला पत्रा आहे का? ५० चौरस मीटर पत्रा असेल तर १० मिलिमीटर पावसात ५०० लिटर पाणी येतं. थोडं वाया जातं, पण खांद्यावरून तर वाहावं लागत नाही.

बांधावरचा_दगड

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नोकरी दोघांची, वर चार प्रकारची जनावरं, वर चौदा वाफे. ज्यांचं पोट यावर आहे तेसुद्धा एवढं एकत्र करत नाहीत. हौस आहे, हौशीसारखी करा.

खुडूक_कोंबडी

दगडदादा, बोलायची रीत तशीच असली तरी मुद्दा बरोबर आहे तुमचा, फक्त मी जरा वेगळं म्हणेन. काम जनावरांच्या संख्येने वाढत नाही, प्रकारांनी वाढतं. १६ कोंबड्यांच्या ३० केल्या तर रोजची पाच मिनिटं वाढतील. पण चार बदकं आणली की वेगळं पाणी, वेगळा चिखल, वेगळी बंद करायची वेळ (कोंबड्या अंधार पडला की आपापल्या आत जातात, बदकांना हाकलत न्यावं लागतं, हो की नाही?). ससे आले की परत वेगळा पिंजरा, वेगळं खाणं, वेगळे आजार. तेरा ताई, बदकं आणि ससे देऊन टाका. मला माहितेय जीव लागलेला असतो, मी आमचे टर्की दिले तेव्हा रडले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास मोकळा मिळाला तेव्हा रडू थांबलं.

आता शेळ्या. दोनदा धार का काढताय? करडं दीड महिन्याची म्हणजे चारा तोंडात घ्यायला लागली असतीलच. मी असं करते: दिवेलागणीला करडं वेगळी कोंडायची, पण अशी की आई दिसेल, वास येईल, नाहीतर रात्रभर बोंबलतात. सकाळी एकदाच धार, मग करडं सोडून द्यायची ती दिवसभर आईबरोबरच. परत ओढाताण नाही, बांधणं नाही, संध्याकाळची धार नाही. दूध तुम्हाला कमी मिळेल पण करडं अशी टणटणीत होतात की बघत राहाल. आणि ते तिसरं करडू पळेनासं होतं, कारण त्याला धरायलाच कोणी येत नाही.

बाहेर जायचं उत्तरही यातच आहे. जायच्या रात्री करडं कोंडायचीच नाहीत. ती पीत राहतात, धारेची कटकट नाही, शेजाऱ्याला फक्त पाणी, वैरण आणि खुराड्याचं दार एवढंच सांगायचं. धार काढता येणारा माणूस शोधायला गेलात तर जन्म जाईल, दार लावणारा कोणीही मिळतो. एकच काळजी घ्या. ज्या शेळीला एकच करडू आहे ते बरेचदा एकाच सडाला पितं आणि दुसरी बाजू तटतटून राहते. आल्या आल्या कास चाचपून बघा, गरम किंवा कडक लागली, दुधात गाठी दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा, कासदाह अंगावर काढू नका. मी एकदा "उद्या बघू" म्हणाले आणि त्या शेळीचं एक सड कायमचं गेलं.

पुढच्या वेळी शेळ्या भरवताना (बोकड दाखवताना) तारीख लिहून ठेवा. साधारण १५० दिवसांनी विते, मागेपुढे चार-पाच दिवस. म्हणजे विण्याचा आठवडा तुमच्या ऑफिसच्या गर्दीच्या दिवसांत येणार की नाही हे तुमच्या हातात राहतं.

दावण

वाचतोय. दोन गोष्टी राहिल्या.

गोठा रोज झाडू नका. खाली कोरडा भुसा नाहीतर वाळलेलं गवत जाड पसरा आणि ओलं दिसेल तिथे वरून कोरडं टाकत राहा. नाकात झोंबणारा वास आला की समजायचं कोरडं कमी पडतंय. तीन-चार महिन्यांनी एकदाच सगळं उपसायचं, एक दिवस कंबर जाते पण रोजचं घमेलं सुटतं. खुराड्यातही तेच चालतं. फक्त जागा कोरडी हवी, वरून गळत असेल तर याच्या नादी लागू नका, खुरं सडतील.

आणि उकिरडा मागच्या कुंपणापाशी का? वास येऊ नये म्हणून लांब केला असेल, सगळे तेच करतात. तो गोठा आणि वाफे यांच्या मध्ये हवा, म्हणजे खत जायच्या वाटेवरच असतं. ढीग निदान एक मीटर लांब-रुंद-उंच करा, त्याहून लहान ढीग तापत नाही. नीट जमला तर आतून ५५-६० अंशांपर्यंत जातो, हात घालवत नाही. न कुजलेलं कोंबडखत पालेभाजीत घालू नका, घालायचंच तर काढणीच्या निदान १२० दिवस आधी.

दाराचं: लाइट सेन्सरवर उघडबंद होणारी दारं मिळतात, चांगली आहेत, पण बाहेर एखादी कोंबडी राहिली तर ते दार तिची वाट बघत नाही. आणि जाळी कुठली आहे? षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा आणि दीड फुटाची पट्टी जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाका. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावून उकरतं, खाली जाळी लागते, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

तुमच्या भांडणाचं मात्र सेन्सरने काही होणार नाही :) आमच्याकडे एक लाल फडकं आहे. दिवसा ते खुराड्याच्या कडीला बांधलेलं असतं. जो दार लावेल त्याने ते सोडून आणून स्वयंपाकघराच्या दाराला अडकवायचं. झोपताना फडकं घरात दिसलं नाही तर दार उघडं. कोणी कोणाला विचारायचंच नाही.

वाफा_नंबर_तेरा

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले.

भिंतीवर लिहिलं पाच दिवस. हिशेबी दादा, पाणी एक तास वीस मिनिटं निघालं, आणि दुसऱ्या नंबरवर काय असेल सांगा? "वस्तू शोधणे". विळा, दावं, टॉर्च. २५ मिनिटं रोज! आता गोठ्यात खिळे ठोकलेत आणि प्रत्येक वस्तूच्या मागे भिंतीवर तिची आकृती काढलीय, मुलांच्या शाळेसारखी. ड्रिप सात वाफ्यांना झालंय, साधे ड्रिपर, फिल्टरसकट.

बदकं गेली. ससे अजून आहेत, नवऱ्याला सोडवत नाहीयेत, म्हटलं मग पिंजरा तुझा.

धार एकदाच. पहिल्या दोन रात्री करडांनी गाव डोक्यावर घेतलं, तिसऱ्या रात्रीपासून शांत. दूध निम्म्याहून थोडं जास्त मिळतंय, आम्हाला पुरतं. दगडदादा, तुमचा राग आला होता दोन दिवस, मग चार वाफे झेंडूला दिले, त्यांच्याकडे फारसं बघावं लागत नाही.

बाहेर अजून गेलो नाही, पुढच्या शनिवारी जायचं ठरलंय, एकच रात्र.

आणि दावणदादा, फडकं मस्त चाललं होतं. काल रात्री झोपताना बघते तर स्वयंपाकघराच्या दाराला फडकं नाही. मी नवऱ्याकडे बघितलं, तो माझ्याकडे, कोणी काही बोललं नाही, दोघं टॉर्च घेऊन गेलो. दार नीट लावलेलं, सोळाच्या सोळा आत. फडकं तिसऱ्या करडाच्या तोंडात होतं, अर्धं. येताना गोठ्यात टेकवलं असेल कोणीतरी. कोणी ते विचारायचं नाही असं ठरलंय. आता फडक्याच्या जागी पत्र्याचं झाकण बांधलंय.