मदत हवी आहे: टू-व्हील मेजरला पुढची हाउसिंग टाकायची आहे, पण पॉवर नक्की वाटली जाते कशी?

शेतावरचा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे महिंद्रा मेजर जीप आहे, टू-व्हील, म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना. भोरच्या वर भातखाचरं आहेत. डांबर सुटलं की शेवटचा चढ लाल मातीचा, पावसाळ्यात खोल चाकोऱ्या आणि मधेच शेवाळलेला कातळ. चार महिने गाडी खालीच लावून वर चालत जावं लागतं. म्हणून फोर बाय फोर करून घ्यायचा विचार आहे. मिस्त्रीने लष्करी लिलावातल्या जीपची पुढची हाउसिंग (डिफरन्शियलसकट एक्सल) आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला पोचवणारी पेटी) हेरून ठेवलीय. त्याचं म्हणणं, "हे बसवलं की चारही चाकांना पंचवीस-पंचवीस टक्के पॉवर. भिंतीवर चढेल."

मला हे पटत नाहीये. आत्ताही मागे डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटणारी गिअरची जोडणी) आहेच, तरी एक चाक चिखलात गेलं की तेच भिरभिरतं आणि कोरड्यावरचं ढिम्म हलत नाही. मग निम्मी-निम्मी वाटणी गेली कुठे? पुढे अजून एक तसंच बसवून काय फरक पडणार? शिवाय पुढच्या-मागच्या क्राऊन-पिनियनचा (एक्सलमधल्या गिअरजोडीचा) रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, जुळायला हवा असं ऐकलंय. मिस्त्री म्हणतो "चालून जातं". खरंच चालतं का? पैसे घालायच्या आधी विचारतोय.

पाना_बावीस
रेशोचं अजिबात चालून जात नाही. तेच आधी सांगतो, कारण पैसे तिथे बुडतील.

जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये डिफरन्शियल नसतं. फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, दोघांनी सारख्याच वेगाने फिरायचं. आता मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ असेल, तर मागचं चाक दहा फेरे मारतं तेव्हा पुढचं जेमतेम नऊ. राहिलेला फेरा कुठेतरी घसरूनच भरून काढावा लागतो. चिखलात टायर घसरतो, कळतही नाही. डांबरावर तो घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टांमध्ये साठतो. दांडा अडकून बसतो, फोर-व्हील सुटत नाही, नाहीतर क्रॉस (शाफ्टचा सांधा) तुटतो. रेशो जुळलेला असला तरी कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावू नये, कारण वळणावर पुढची चाकं मोठा घेर घेतात. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर घातले तरी हाच घोळ, थोडा कमी.

आता वाटणी. डिफरन्शियल पॉवर निम्मी करत नाही. ते दोन्ही चाकांना टॉर्क सारखा देतं आणि वेग मोकळा सोडतं. बैलांच्या जूसारखं आहे हे: एक बैल ढिला पडला की दुसरा कितीही जोर करू दे, जू नुसतं तिरकं होतं, गाडी हलत नाही. चिखलातलं चाक जेवढा जोर पेलेल तेवढाच कोरड्यावरच्या चाकाला मिळणार. ते काहीच पेलत नसेल तर दुसऱ्यालाही काही नाही.

ट्रान्सफर केस नेमकं उलटं करते. वेग बांधते, टॉर्क मोकळा सोडते. ज्या एक्सलला पकड, तिकडे जोर. मागची दोन्ही चाकं अधांतरी असतील तर शंभर टक्के पुढे. तुमच्या मिस्त्रीचे पंचवीस टक्के यात कुठेच बसत नाहीत.

म्हणजे फरक पडतो, नक्की पडतो: मागचं फसलं तर पुढचा एक्सल ओढेल. पण पुढचं एक आणि तिरप्या कोपऱ्यातलं मागचं एक, अशी दोन चाकं एकदम उचलली गेली की फोर बाय फोर असून गाडी जागच्या जागी. चाकोऱ्या आणि कातळ म्हणताय, तर हे होणारच.

घाटमाथा
+१. त्यासाठीच लॉकर (डिफ-लॉक) असतो, तो एक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडतो. आकुर्डीच्या फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे कंपनीचेच डिफ-लॉक मिळतात. २०१५ च्या थारमध्ये मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग आलं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लागतं. माझं मत विचाराल तर टू-व्हीलला मागे चांगला लॉकर बसवणं हे उघड्या डिफवाल्या अर्ध्याकच्च्या कन्व्हर्जनपेक्षा बरं.

रिकामटेकडा
दादा, एवढ्या खर्चात तयार फोर बाय फोर जुनी मिळेल. आणि आरटीओचं काय? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध निकाल दिलाय. पासिंगला आणि विम्याच्या क्लेमला अडचण येईल.

शेतावरचा
कायद्याचं लक्षात आलं, आरटीओत विचारून मगच हात लावेन. बावीसदादा, हाउसिंग न उघडता माझ्या गाडीचा रेशो कळेल का?

पाना_बावीस
कळेल. सपाट जागी गाडी न्यूट्रलला, मागचं एकच चाक जॅकवर. उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. पाच आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून जरासं जास्त आले तर ५.३८, पाचाच्या किंचित अलीकडे थांबला तर ४.८८. दोन फेरे का, तर दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं आणि डिफ दोघांची सरासरी काढतं.

एक काळजी घ्या: जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावाच. काही जुन्या जीपना हँडब्रेक मागच्या शाफ्टवर असतो. एक चाक उचललं की शाफ्ट धरून ठेवला तरी उचललेलं चाक उलटं फिरतं आणि गाडी जॅकवरून निघते. त्याच कारणाने अशा गाडीत चिखलात हँडब्रेक अर्धा ओढायची युक्ती चालत नाही. पायाचा ब्रेक हलका दाबा, भिरभिरणारं चाक अडतं आणि दुसऱ्याला थोडा जोर मिळतो.

लिलावातली हाउसिंग उघडून दात मोजा. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८, ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. आणि तुमची मागची हाउसिंग मधोमध आहे की एका बाजूला सरकलेली, तेही सांगा.

शेतावरचा
मोजलं. गाडीचा शाफ्ट पाचाच्या अलीकडे थांबला. लिलावातल्या हाउसिंगला ४३ आणि ८. मागची हाउसिंग मधोमध आहे, त्या ट्रान्सफर केसचे मात्र पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट उजवीकडून निघतात.

पाना_बावीस
मग ती विलिस (जुनी अमेरिकी जीप) धाटणीची केस तुमच्या मागच्या हाउसिंगला सरळ जुळणारच नाही, शाफ्ट तिरका जाऊन क्रॉस खाईल. घ्यायचंच असेल तर त्याच जीपची मागची हाउसिंगही घ्या. रेशोही आपोआप जुळेल, चढाला ५.३८ चांगला, फक्त हायवेवर इंजिन ओरडेल. मिस्त्री नुसती पुढची विकत असेल तर विसार देऊ नका.

शेतावरचा
मागची आधीच विकली गेली म्हणतो. मग हे राहू दे. घाटमाथा, मेजरच्या मागच्या हाउसिंगमध्ये बसेल असा लॉकर पुण्यात कुणी बसवून देतं का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.