पर्लमधलं बंद फाइलहँडल आणि || डाय
प्रश्न असा आहे: फोल्डरमधल्या लॉग (नोंदींच्या) फाइली वाचणारी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट 'रीडलाइन ऑन क्लोज्ड फाइलहँडल', म्हणजे न उघडलेल्या फाइलमधून वाचायचा प्रयत्न, अशी वॉर्निंग देते. त्यावर फाइलच्या परवानग्या तपासा हा दिलेला सल्ला योग्य आहे, पण सरळ ७७७ (सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा) देऊन टाका हे अजिबात पटत नाही. लॉगमध्ये आयपी पत्ते, युजरनेम असतात, ते सगळ्यांना उघडे कशाला करायचे? शिवाय ही वॉर्निंग फाइल वाचणाऱ्या व्हाइल लूपच्या ओळीवर येते, म्हणून सगळे तिथेच शोधत बसतात. खरं तर फाइल उघडणारं ओपन त्याआधीच फसलेलं असतं. प्रश्नातल्या कोडमध्ये ओपनच्या शेवटी || डाय ('किंवा संदेश देऊन थांब') आहे. ओपनला कंस नसतील तर पर्लमध्ये || शेजारच्या फाइलनावालाच चिकटतं, म्हणजे अर्थ होतो 'फाइलनाव किंवा डाय'. नाव रिकामं नसतं, त्यामुळे डाय कधी चालतच नाही. तिथे || ऐवजी ऑर (or) लिहा आणि संदेशात फाइलच्या नावासोबत $! (फसण्याचं कारण) छापा. पर्ल ५.१०.१ पासून ऑटोडाय हे मॉड्यूल सोबतच मिळतं, ते सुरुवातीला लिहिलंत तर ही तपासणी आपोआप होते.

आता $! मध्ये 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' (अशी फाइल किंवा फोल्डर नाही) आलं, तर फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणाऱ्या रीडडिरकडे बघा. ते फक्त नाव देतं, पूर्ण पाथ देत नाही. म्हणून लॉगच्याच फोल्डरमध्ये उभं राहून चालवलं की स्क्रिप्ट छान चालते आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) मरते, कारण क्रॉन ती होम डिरेक्टरीतून सुरू करतं. आमच्याकडे रात्रीचे रिपोर्ट कोरे यायचे ते यामुळेच. ओपनला नाव देताना आधी डिरेक्टरी जोडा.