धागा: श्रद्धा कुठवर, कडवेपणा कुठून? इथे आणि परमुलखात

गोंयकार जगभर पांगलेत, म्हणून हा धागा. आत्मचरित्र नको. लोक नेमकं काय करतात, बाहेरच्याला काय खटकतं, कायदा कुठे आड येतो, तेवढंच लिहा.

डिचोलीहून
शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचा व्हिडिओ पाहून परका माणूस सरळ 'अतिरेक' म्हणून मोकळा होतो. धोंड म्हणजे व्रत घेतलेले भक्त; ते व्रतात सोवळं पाळतात, वेगळं शिजवून खातात. हातात बेत म्हणजे वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्या. वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री होमकुंड पेटतं आणि लाकडांचे निखारे झाले की धोंड त्यावरून पार होतात. कोळसा उष्णता सावकाश सोडतो, म्हणून झपझप चालणाऱ्याचं निभावतं. रेंगाळलं किंवा निखारा बोटांच्या बेचक्यात अडकला की भाजतं. पण 3 मे 2025 ला माणसं दगावली ती उतारावरच्या चेंगराचेंगरीत, विस्तवात नव्हे. व्रत ज्याचं त्याने घ्यायचं, शेजाऱ्यावर सक्ती नाही. त्यामुळे इथल्या ख्रिस्ती माणसाला यात कडवं काही दिसत नाही. लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) यांच्यात मोगरा आणि तेल यांची देवाणघेवाण चालते. बहिणीच त्या!

फोंड्याहून
कडवेपणा बघायचा तर इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा बघा. 1560 ते 1812, मध्ये चार वर्षं तेवढी बंद. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली ती याच धामधुमीत. 1736 चा हुकूमनामा तर थेट चुलीपाशी पोचतो: अंगणात तुळस नको, लग्नात पानसुपारी नको, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवणं नको. रोख बाटलेल्यांवर होता. सत्तेला मीठसुद्धा पुरावा म्हणून चालतं, हे ध्यानात ठेवा.

कुंकळ्ळीहून
फातर्प्याच्या शांतादुर्गेची सत्रयो, म्हणजे छत्र्यांची मिरवणूक, इथे येते. बारा छत्र्या, भरपूर गुलाल. 1583 चं पोर्तुगीजांविरुद्धचं बंड याच गावचं, आणि मिरवणुकीत ख्रिस्ती गांवकरही असतात.

दुबईहून
घरात देव्हारा मांडा, कुणी विचारत नाही. देऊळ आहे, चर्च आहे. शुक्रवारची सुट्टी होती तेव्हा मीसला (चर्चमधल्या प्रार्थनेला) खरी गर्दी शुक्रवारीच व्हायची. 2022 पासून सुट्टी शनिवार-रविवार. घोळ होतो तो फोनवर. 2015 च्या कायद्याने धर्मनिंदा हा गुन्हा ठरला; 2023 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, पण गुन्हा तो गुन्हाच. एखाद्याला काफर ठरवून भडकावणाऱ्यालाही कायदा लागू. गोव्यातून आलेला चिथावणीचा व्हिडिओ पुढे ढकललात तर 'मी कुठे लिहिलाय?' ही सबब चालेलच असं नाही. सौदीत गणित वेगळं: इतर धर्मांची उघड पूजा चालत नाही. सगळं आखात एका मापाने मोजू नका.

पॅरिसहून
इथे उलट. 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत डोळ्यांत भरणारी धर्मचिन्हं बंद: हिजाब, किप्पा (ज्यूंची टोपी), मोठा क्रूस. गळ्यातला बारीक क्रूस चालतो. शिखांच्या पगडीवरूनही वाद झाले. बंदी विद्यार्थ्यांना, शाळेबाहेर रस्त्यावर नाही. शाळेत नाव घालायच्या आधी संस्था सरकारी की खासगी ते विचारा, खासगीला हा नियम नाही. मला स्वतःला हा जाच वाटतो, पण फ्रेंच मास्तर याला मुलांचं संरक्षण म्हणतो.

वास्कोहून, जहाजावरच्यांसाठी
जपानी माणूस नववर्षाला शिंतो देवळात जातो, अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करतो आणि विचारलं तर 'धर्म नाही' म्हणतो. 20 मार्च 1995 ला ओम शिनरिक्यो या नव्या पंथाने टोकियोच्या मेट्रोत सारिन हा विषारी वायू सोडला, तेव्हापासून नवे पंथ म्हटले की तिथे लोक बिचकतात. फेस्ताचं किंवा आरतीचं आमंत्रण द्या, खुशाल येतील. छापील पत्रक मात्र हातात देऊ नका.