‘ड्यून’चे पुढचे भाग वाचावेत की पहिल्यावरच थांबावं?

मांजराकाठ:
फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (१९६५) ही विज्ञानकादंबरी तिसऱ्यांदा वाचली. पुन्हा तेच वाटलं, पुढचे भाग नसते तर बरं झालं असतं. अराकिस या वाळवंटी ग्रहावर पाण्याचा ठणठणाट. तिथल्या वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या स्टिलगार ड्यूकच्या, म्हणजे नायक पॉलच्या वडिलांच्या, टेबलावर थुंकतो, लोक चवताळतात. पण तो मान देतोय, अंगातलं पाणी देतोय! एप्रिल २०१६ला मिरजेहून पहिली रेल्वे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली, तेव्हा आमच्या घरी भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं संडासाला जायचं. मला तो प्रसंग कुणी समजावून सांगावा लागला नाही. आणि दुसऱ्या भागात, ‘ड्यून मसाया’त (१९६९) काय? बंद खोल्यांतली कारस्थानं. वाळू गायब, वर पॉलच्या खात्यावर ६१ अब्ज मुडदे. नायकाची पार माती केली.

गोदातीर:
काय म्हणायलात राव! माती करायची म्हणूनच तर लिहिलं. पुढचा रक्तपात पॉलला पहिल्याच भागात दिसत असतो, आपणच टाळ्या वाजवत बसतो. अन् खरी गोष्ट पाणी आल्यावर सुरू होते. ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’मध्ये (१९७६) अराकिस हिरवा व्हायला लागतो, पाण्याची शिस्त ढिली पडते. ओल वाढली की वाळूतले महाकाय किडे मरणार. किडे गेले की त्यांच्यामुळं वाळूत तयार होणारा ‘मसाला’ हा अंमली पदार्थ गेला, अन् त्याच्याच जोरावर तर साम्राज्याची अंतराळजहाजं चालतात. जायकवाडीचा कालवा आला तेव्हा आजोबांना वाटलं, ज्वारी-करडईला बरे दिवस आले. आला ऊस. आता बोअर किती फूट खाली गेलेत ते विचारू नका.

मांजराकाठ:
उसाचं मान्य. पण विचार चांगला म्हणून कादंबरी चांगली होते का? चौथ्या भागात साडेतीन हजार वर्षं जगलेला अर्धा किडा सम्राट पानंच्या पानं बोलतो. सप्ताहातले बुवासुद्धा मध्ये पाणी प्यायला थांबतात.

करडईचं फूल:
मला तोच भाग आवडतो, त्यातल्या ‘म्युझियम फ्रेमेन’साठी. जुन्या रीती नुसत्या दाखवण्यापुरत्या उरलेले लोक. हर्बर्टचे स्वतःचे सहाच भाग; १९८६ला ते गेले. पुढचं मुलानं अन् सहलेखकानं लिहिलंय, ते मला दोन प्रकरणांपुढं रेटलं नाही.

गोदातीर:
बुवांचं ऐकून घेतो. पण ‘मसाया’चा शेवट? आंधळा झालेला पॉल फ्रेमेन रीतीप्रमाणं एकटाच वाळवंटात चालत जातो. वाळू आहे की तिथं.

मांजराकाठ:
आहे. चार पानं. तेवढ्यासाठी आधीचं सगळं पुन्हा वाचायला लावता का?