मदत हवी आहे: नवा टीव्ही, केबलचा सेट-टॉप बॉक्स आणि जुनं होम थिएटर यांची जोडणी

नमस्कार मंडळी,

घरात नवीन फोर-के टीव्ही आला आणि इतकी वर्षं गुण्यागोविंदानं चाललेलं होम थिएटर बिनसलं. जाणकारांनी मार्ग दाखवावा. सामान काय काय आहे ते आधीच सांगते, म्हणजे उलटतपासणी टळेल.

टीव्हीच्या पाठीमागे तीन एचडीएमआय पोर्ट आहेत. त्यातल्या एकावर 'एआरसी' छापलंय. शिवाय एक ऑप्टिकल आउट, म्हणजे प्रकाशावाटे आवाज बाहेर देणारं पोर्ट, आहे. रिसीव्हर २०१२ सालचा, पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे ५.१ संच. त्याला चार एचडीएमआय 'इन' आणि एकच 'आउट'. गंमत म्हणजे त्या आउटखालीसुद्धा बारीक अक्षरांत एआरसी लिहिलंय. बाकी केबलचा नवा फोर-के बॉक्स आणि एक ब्लू-रे प्लेअर.

पूर्वी बॉक्स आणि प्लेअर दोन्ही रिसीव्हरमध्ये आणि तिथून एक वायर टीव्हीला, असा सरळ मामला होता. आता तशी जोडणी केली की बॉक्स लावल्यावर पडदा काळा होतो आणि कॉपी संरक्षणाबद्दल काहीतरी इंग्रजी सूचना येते. बॉक्सच्या मेनूत १०८०पी निवडलं तर चित्र दिसतं, पण मग फोर-के कशाला घेतला? जोडणी करायला आलेल्या माणसानं बॉक्स आणि प्लेअर दोन्ही थेट टीव्हीला लावले, टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल वायर टाकली आणि 'आता झालं' म्हणून निघून गेला.

झालं काहीच नाही. आवाज फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून येतो. मधला मुका, मागचे दोन मुके. ज्या डिस्कवर पूर्वी पाचही स्पीकर बोलायचे तिच्यावरही हेच. सबवूफरमधून सतत 'घूं' ऐकू येतं, आवाज शून्यावर नेला तरी. आणि बाबांना नुसत्या बातम्या लावायच्या असल्या तरी तीन रिमोट हातात घ्यावे लागतात.

माझा मुख्य प्रश्न: बॉक्स टीव्हीला लावावा की रिसीव्हरला? दोन्हीकडे ठाम मतं देणारे लोक भेटले, कारण मात्र कुणी सांगत नाही.

कानसेन

कारण सांगतो. काळ्या पडद्यापासून सुरुवात करू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

फोर-के चित्र बाहेर सोडण्याआधी बॉक्स समोरच्या यंत्राला ओळख विचारतो. ती एचडीसीपी २.२ या कॉपी संरक्षणाच्या पद्धतीची लागते आणि ही पद्धत २०१३ मध्ये आली. तुमचा रिसीव्हर त्याआधीचा, त्याला ती भाषाच येत नाही. साखळीत मध्ये एक जरी जुनं यंत्र असलं तरी बॉक्स चित्र अडवतो किंवा १०८०पी वर उतरतो. वायर बदलून किंवा सेटिंग चाळून हे सुटणार नाही. म्हणून तुमच्या घरात बॉक्स थेट टीव्हीलाच. नवा रिसीव्हर असता तर मी उलटं सांगितलं असतं.

ब्लू-रे प्लेअर मात्र टीव्हीवरून काढा आणि पूर्वीसारखा रिसीव्हरच्या 'इन'मध्ये लावा. साध्या ब्लू-रेचं चित्र १०८०पी असतं, ते जुन्या रिसीव्हरमधून सुखरूप जातं. डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी आवाजही रिसीव्हरला पूर्ण मिळतो. ऑप्टिकल वायरीत एकतर दोन चॅनलचा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, मावतो, नाहीतर दाबलेला ५.१. त्यापलीकडचं त्यातून जात नाही. शिवाय बरेच टीव्ही डीटीएस पद्धतीचा आवाज पुढे सोडतच नाहीत.

आता एआरसी, म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल. रिसीव्हरच्या 'आउट'पासून टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टपर्यंत एकच एचडीएमआय वायर टाका. प्लेअरचं चित्र त्यातून टीव्हीकडे जातं आणि बॉक्सचा आवाज त्याच वायरीतून टीव्हीकडून रिसीव्हरकडे परत येतो. एकाच वायरीत दुहेरी वाहतूक, म्हणून आउटवर एआरसी लिहिलेलं असतं. ही सोय एचडीएमआय १.४ पासून, म्हणजे २००९ पासूनची आहे. ऑप्टिकल काढून टाका.

मग टीव्हीच्या ध्वनी मेनूत 'डिजिटल ऑडिओ आउटपुट' असा पर्याय शोधा. तिथे बहुधा पीसीएम असेल. पीसीएमवर टीव्ही ५.१ आवाजाचा दोन चॅनलमध्ये गोळा करूनच पुढे पाठवतो. तुमचे तीन स्पीकर मुके आहेत ते यामुळे. ते 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा, जे नाव असेल ते. बॉक्सच्या मेनूतही डॉल्बी डिजिटल चालू करा.

निवांत

एवढा खटाटोप कशाला? रिसीव्हर विकून टाका, एक साउंडबार घ्या. एक वायर, एक रिमोट, विषय संपला.

कानसेन

@निवांत, चांगले चालणारे पाच स्पीकर घरात असताना साउंडबार? जागेची अडचण असेल तर समजू शकतो. इथे अडचण एका वायरीची आणि दोन सेटिंगची आहे.

वायरमन

'घूं' आवाजाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आवाज शून्यावर नेऊनही घुमतंय म्हणजे तो कार्यक्रमातला आवाज नाही, विजेचा आहे. ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर. केबल असलेल्या घरात माझा पहिला संशय बॉक्सच्या मागे पिळून बसवतात त्या जाड कोॲक्स वायरीवर. तिचं बाहेरचं जाळीदार आवरण बाहेर कुठेतरी अर्थिंगला जोडलेलं असतं आणि घरातल्या प्लगचं अर्थिंग वेगळं. दोन्हींच्या दाबात किंचित फरक असला की तो वायरींच्या आवरणातून फिरत राहतो आणि सबवूफर तो इमानेइतबारे ऐकवतो.

तपासायला सोपं आहे. घरघर चालू असताना बॉक्सची कोॲक्स वायर पूर्ण सोडवा, नुसती सैल करू नका. घरघर थांबली तर चोर सापडला. नाही थांबली तर सबवूफरची सिग्नल वायर काढून बघा. तरीही घुमत असेल तर दोष सबवूफरच्या आतच आहे.

तुमच्याकडे ऑप्टिकल असूनही घरघर आहे हे जरा विचित्र वाटलं, कारण ऑप्टिकलमध्ये वीज वाहतच नाही. बॉक्सपासून किंवा टीव्हीपासून रिसीव्हरला आणखी एखादी वायर गेलीय का? लाल-पांढऱ्या पिनांची वगैरे?

आणि कुणी सुचवलं तरी प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. घरघर जाईल, पण बिघाडाच्या वेळी झटका बसण्यापासून वाचवणारी तीच एक गोष्ट असते.

धागालेखिका

वायरमन, तुमचा अंदाज अचूक! जुन्या जोडणीतली लाल-पांढरी वायर बॉक्सच्या मागून रिसीव्हरच्या 'ऑक्स'मध्ये तशीच लटकत होती, टीव्ही स्टँडच्या मागच्या धुळीत दिसतही नव्हती. ती उपटली आणि सबवूफर गप्प झाला. मग एआरसीची एचडीएमआय वायर लावली तर घरघर हळू आवाजात परत आली. कोॲक्स सोडवली की थांबते, लावली की सुरू होते.

कानसेन, प्लेअर रिसीव्हरला लावला. डिस्कवर पाचही स्पीकर पूर्ववत. टीव्हीत खरंच पीसीएम निवडलेलं होतं, ते बदललं. तरी बातम्या आणि मालिका अजून दोनच स्पीकरमधून येतात. सिनेमांच्या एका चॅनलवर मात्र रिसीव्हरच्या डिस्प्लेवर 'डॉल्बी डी' उमटलं आणि मागचे स्पीकर जागे झाले.

रिमोटचं काय करायचं ते राहिलंच. शिवाय एक नवीन शंका: डिस्क बघताना आवाज ओठांच्या आधी येतो. बॉक्सवर तसं होत नाही.

कानसेन

म्हणजे जोडणी ठीक आहे. बातम्या, मालिका मुळातच दोन चॅनलमध्ये प्रसारित होत असतील तर रिसीव्हर पाच कुठून आणणार? हवं तर रिसीव्हरच्या रिमोटवर 'सराउंड' किंवा 'मोड' बटण दाबत 'प्रो लॉजिक टू' येईपर्यंत जा. त्यात निवेदकाचा आवाज मधल्या स्पीकरवर येतो, मागून हलका परिणाम मिळतो. बातम्यांना मला ते आवडतं. संगीताला नाही, गाणं उगाच पसरट होतं.

रिमोटसाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे एचडीएमआय सीईसी, म्हणजे एका यंत्राच्या रिमोटनं दुसरं चालवायची सोय, चालू करा. हे नाव मेनूत सापडेलच असं नाही. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिमप्लिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. त्यानंतर टीव्ही चालू केला की रिसीव्हर आपोआप जागा होतो आणि टीव्हीच्या रिमोटनं त्याचा आवाज कमीजास्त होतो. बॉक्सचा स्वतःचा आवाज एकदाच पूर्ण वर नेऊन सोडून द्या. बाबांना रिसीव्हर नकोच असेल तर टीव्हीच्या मेनूतून 'टीव्ही स्पीकर' निवडायचा, बॉक्स थेट टीव्हीला असल्यानं बातम्या चालतीलच.

ओठांचं कारण असं: डिस्कचा आवाज रिसीव्हर लगेच वाजवतो, चित्र मात्र टीव्हीत घोटून निघायला वेळ लागतो. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत दाखवणारी सोय, बंद करा. तेवढ्यानं भागलं नाही तर रिसीव्हरच्या मेनूत 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' असतं. ५० मिलिसेकंदांपासून सुरू करून थोडं थोडं वाढवत जा, कुणीतरी बोलत असलेल्या दृश्यावर. बॉक्सचा आवाज येतो त्या टीव्हीच्या इनपुटला ते शून्यच राहू द्या, बहुतेक रिसीव्हरमध्ये प्रत्येक इनपुटचं वेगळं ठेवता येतं.

वायरमन

उरलेल्या घरघरीसाठी कोॲक्सवर, बॉक्सच्या अगदी मागे, ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. बोटभर लांबीचा तुकडा असतो, दोन्ही बाजूंना पिळायच्या पिना. घराचं इंटरनेटही त्याच केबलवरून येत असेल तर ५ मेगाहर्ट्झपासूनचा सिग्नल जाऊ देणारा घ्या, नाहीतर अपलोड मार खाईल. आणि धागा वाचणाऱ्या डिशवाल्यांसाठी: हा तुकडा डीसी वीज अडवत असेल तर तुमच्याकडे चालायचा नाही, छपरावरच्या एलएनबीला, म्हणजे डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या यंत्राला, त्याच वायरीतून वीज जाते.

धागालेखिका

इंटरनेट वेगळ्या वायरीवरून आहे, तेव्हा साधा आयसोलेटर मागवलाय. सीईसी चालू झालं. मोशन स्मूदिंग बंद करून ८० मिलिसेकंदांवर ओठ आणि आवाज जुळले. बाबांकडे आता दोन रिमोट आहेत, चॅनल बदलायला बॉक्सचा लागतोच. तिसरा मी सध्या कपाटात ठेवलाय.